देव्हाऱ्यातला बिल्ला

अकरावीपर्यंतची शाळा मी एका सदऱ्यावर काढली. रविवारी तो वाळेपर्यंत पेडगावच्या घरात उघडा बसायचो. आई लोकांच्या रानात निंदायला जायची, बाप गिरणीवर पोती उचलायचा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो. पदवीच्या कागदावर विद्यापीठाचं जुनंच नाव आहे, नामांतर पुढं झालं. मग एक्स-रेचा कोर्स केला आणि परभणीत एका दवाखान्यात लागलो. हे मी ताठ मानेनं सांगतो.

तिथं एक आया होती, पन्नाशीची. सगळे तिला मावशी म्हणायचे. लहान लेकराच्या छातीचा फोटो असला की मावशी त्याला टेबलावर दोन्ही हातांनी धरायची. मी पडद्याआडून बटण दाबायचो. शिशाचा एप्रन खुंटीलाच.

"मावशी, एप्रन घाला."

"लेकरू भ्येतंय रे त्याला. रेड्यावानी दिसते मी त्यात."

वर्षानुवर्षं थोडी थोडी किरणं अंगात घेत राहिलं तर रक्ताचा आजार जडू शकतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तिला सांगितलं तर म्हणायची, "दिसत न्हाई, टोचत न्हाई, त्याला काय भ्यायचं?"

मग मी खटपट करून तिच्यासाठी बिल्ला मागवला. त्यात फिल्म असते. अंगावर किती किरणं पडली ते त्यावरून कळतं. तीन महिन्यांनी शिपायानं बिल्ले गोळा करून तपासायला पाठवले. मावशीचा रिपोर्ट आला: निरंक. मी तो कागद डॉक्टरसाहेबांना फुशारकीनं दाखवला. माझ्याच शिस्तीचं फळ, दुसरं काय! एप्रन खुंटीलाच होता, तरी शंका आली नाही.

पुढच्या खेपेला बिल्ले मीच गोळा केले. मावशीनं पदरातून लाल फडकं सोडलं. आत बिल्ला, वर हळदीकुंकू.

"हे काय मावशी? लावत नव्हता काय?"

"माझ्या नावाचा नंबर हाय त्याच्यावर. इथं मळंल, हरपंल. देवापाशी ठेवला व्हता."

मला हसूही येईना. माझा निरंक तिच्या देव्हाऱ्याचा होता.

आजकाल हे शिकवायला डोळ्याला यंत्र लावून खोट्या खोलीत किरणं दाखवतात म्हणे. आमच्याकडं शंभराचा बल्ब होता. मशीन बंद ठेवून मी नळीच्या तोंडाशी तो बांधला, भोवती पत्र्याचं नरसाळं लावलं. ज्वारीचं लहान पोतं पांढऱ्या चादरीत गुंडाळून टेबलावर ठेवलं. खिडक्यांचे काळे पडदे ओढले.

"मावशी, हे लेकरू. धरा."

तिनं धरलं. उजेड पोत्यावरच पडत होता; पण मावशीचं तोंड, गळा, काकणं, सगळं उजळून निघालं.

"दिवा तर पोत्यावर हाय. माझ्यावर कुठून यायलाय?"

"पोत्यावरून उडून. किरणंबी अशीच लेकरावरून उडतात."

ती एक पाऊल मागं सरली. दोन सरली. हात पुढं करून पाहत होती, उजेड कमी कमी होत होता. शेवटी माझ्या पडद्याआड आली. तिथं अंधार.

"म्हंजी तू इतकी वर्सं अंधारात हुबा, अन् मी उजेडात?"

ती टेबलाकडं बघत राहिली.

"पण लेकरू एकटं कसं सोडू रे?"

उपाय तिनंच काढला. आठ लेकरांची बाळंतपणं केलेली बाई ती. मऊ लुगड्याची घडी करून पोत्याला अशी घट्ट बांधली की हलायची सोय नाही. दोन्हीकडं वाळूच्या पिशव्या लावल्या. फारच रडवं लेकरू असलं तर त्याच्या बापानं एप्रन घालून धरायचं, असं ठरलं. मावशी पडद्याआडून सारखी बोलत राहायची, "आलेच हां राजा, मावशी इथंच हाय." आवाज ओळखीचा झाला की लेकरं गप पडायची. मला दम भरायची, "लवकर दाब की रे, किती ताटकळवतो त्याला!"

बिल्ला आता रोज सकाळी तिच्या पदराला टाचलेला असायचा. हळदीकुंकू मात्र सोडलं नाही. मागच्या बाजूला एक ठिपका असेच.

पुढचे तीन महिने मावशीनं तो एक दिवसही चुकवला नाही. रिपोर्ट आला: निरंक. हा खरा होता.