मंगळावरची माणसं आणि मंगळाची शांती

मॅट्रिक झाल्यावर मला सायन्स कॉलेजात जायचं होतं. वडिलांनी सोवळं हातात दिलं. अमरावतीतल्या आमच्या देवळाची पूजा आणि पिढीजात यजमान यांतून सुटका नव्हती. दुपारी नैवेद्य झाला की मी गाभाऱ्याचं दार ओढून घ्यायचो आणि समईच्या उजेडात वाचनालयातल्या विज्ञानकादंबऱ्या वाचायचो. त्यातली इंग्रजीवरून मराठीत आलेली एक मला पाठच झाली होती. मंगळावर गेलेल्या चार माणसांचं यान मोडतं आणि ती कायमची तिथंच राहतात, अशी ती गोष्ट.

त्याच कादंबरीवरचा इंग्रजी सिनेमा अकोल्याला लागला. योगायोगानं तिथल्या एका धान्याच्या अडत्याकडे मुलीची मंगळशांती निघाली. वडिलांचे गुडघे धरले होते, म्हणून मला पाठवलं. मी एक दिवस आधीच गेलो, शेंडीवर टोपी घातली आणि थिएटरात जाऊन बसलो. इंग्रजी फारसं कळलं नाही, पण गोष्ट माहीत होती. ती लाल जमीन पाहताना अंगावर काटा आला. शेवट मात्र बदलला होता. दुसरं यान येऊन त्या चौघांना घेऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी पूजेची मांडणी करताना पिशवीतून पळी-पंचपात्र काढलं, त्याबरोबर ती कादंबरीही बाहेर आली. मुलगी समोर पाटावर बसली होती. मंगळ असल्यामुळे दोन स्थळं परत गेली होती आणि तिचं कॉलेज बंद केलं होतं, हे तिच्या आईनं आल्याआल्याच सांगितलं होतं. तिचे वडील लाल कापड आणायला आत गेले, तशी ती हळूच म्हणाली, "हे मी वाचलं. सिनेमा लागला हाय, पण मले जाऊ देत नाहीत. तुमी पायला काय?"

मी मान हलवली. मसुराच्या डाळीवर कलश ठेवत तिला सगळा सिनेमा सांगितला. वाळूची वादळं सांगितली, काचेचे टोप घातलेली माणसं सांगितली. ती डोळे मोठे करून ऐकत होती. शेवटी म्हणालो, "सिनेमात ते सुटतात. दुसरं यान येतं त्यांना न्यायला."

तिनं कलशाखालची डाळ बोटानं सारखी केली. मग म्हणाली, "हे काही खरं वाटत नाही. कोण येते घ्यायले?"

तेवढ्यात तिचे वडील कापड घेऊन आले आणि मंगळ कडक आहे, काही कमी पडू देऊ नका, असं मला बजावू लागले. मी संकल्प सांगितला. तिनं खाली मान घालून हातावर पाणी घेतलं. नंतर दोन तास मी मंत्र म्हणत राहिलो.

चैत्रात तिचं लग्न झालं. शांतीचा गुण आला म्हणून अडत्यानं माझ्या वडिलांना मुद्दाम निरोप पाठवला. वडील फार खूश झाले. म्हणाले, "आता अकोल्याचे सगळे यजमान तूच सांभाळ."

मी बरं म्हणालो आणि संध्याकाळच्या आरतीची तयारी करायला उठलो.