सिस्टरांचा ळ

पहिल्याच भेटीत सिस्टरांनी मला हॉस्पिटलच्या भर व्हरांड्यात, पंधरा-वीस माणसांसमोर, खणखणीत आवाजात विचारलं, "भाऊ, आज किती वेला?" नाव नाही, गाव नाही, थेट हाच प्रश्न. दिल्लीतल्या त्या गर्दीत मराठी समजणारा मी एकटाच असेन, तेवढीच अब्रू वाचली असं वाटलं. मी पुटपुटलो, सात. त्यांनी "सात!" असं मोठ्याने म्हणत लिहून घेतलं आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सात हिंदीतही सातच असतात. पुढे आमच्या घरात बायकोने त्यांचं नाव 'कितीवेला सिस्टर' ठेवलं.

मी साताऱ्याहून बदली होऊन आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आलो होतो आणि माझ्या मोठ्या आतड्याला सूज होती. घर ते ऑफिस या वाटेवरचं प्रत्येक शौचालय मला तोंडपाठ होतं. बसमध्ये मी दाराशी उभा, मीटिंगमध्ये दाराशी बसलेला. जीव कुठेच स्वस्थ नाही. गोळ्यांनी भागेना, तेव्हा डॉक्टरांनी नव्या औषधाच्या एका चाचणीत यायचं सुचवलं. पातळ औषध मागच्या वाटेने आत सोडायचं, म्हणजे ते थेट सुजेवर लागतं. निम्म्या लोकांना खरं औषध, निम्म्यांना तशाच बाटलीत बिनऔषधाचं पाणी. कुणाला काय मिळालंय ते डॉक्टरांनाही ठाऊक नसायचं. "देवाला माहीत असेल," सिस्टर म्हणायच्या, "पण तो फॉर्म भरत नाही."

चाचणीतल्या माणसांची सगळी देखभाल सिस्टरांकडे होती. त्यांना खुर्चीत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या चालता चालता लिहायच्या, उभ्यानेच चहा प्यायच्या. औषध घेताना डाव्या कुशीवर कसं झोपायचं ते मला नीट समजेना, तर पन्नाशीच्या या बाई चपलांसकट तपासणीच्या टेबलावर चढून आडव्या झाल्या आणि उजवा पाय पोटाशी घेऊन म्हणाल्या, "असं. यात लाजायचं काय?" लाजून मीच भिंतीकडे बघत होतो.

जन्म करोलबागेतला, शाळा हिंदी, पण आपली मराठी पक्की आहे याचा त्यांना भारी अभिमान. फक्त ळ जिभेवर यायचा नाही. त्या मला रोज दोन "केली" खायला सांगायच्या. मी हसू दाबून केळी आणायचो. रोजच्या त्रासाची डायरी हिंदीत लिहू का, असं मी विचारलं तेव्हा त्यांना ते चक्क लागलं. आपल्या माणसाने आपल्या भाषेत लिहावं, दुखणं आपल्याच भाषेत खरं उतरतं, फॉर्मवर इंग्रजी करायला मी आहे ना, असं त्यांनी मला सुनावलं.

मी लिहू लागलो. पहिल्या दिवशी लिहिलं, 'पोट शांत.' दुसऱ्या दिवशी, 'सकाळी कळ.' मग 'सकाळी कळ, ऑफिसात कळ.' मग तिन्ही त्रिकाळ कळ. चाचणीचा नियम असा होता, की दुखणं एका मर्यादेपलीकडे गेलं की माणसाला बाहेर काढून हमखास लागू पडणारं औषध सुरू करायचं. मला मात्र कुणी बोलावेना. डॉक्टर विचारायचे, मी म्हणायचो, ठीक है. आपल्याकडे कुणी विचारलं की बरंच आहे म्हणायचं असतं. पण डायरीत तर खरं लिहून देत होतो. मग ही माणसं वाचतात तरी काय, म्हणून मी आतल्या आत धुमसत राहिलो. असे पाच आठवडे गेले.

सहाव्या आठवड्यात डायरी चाळता चाळता सिस्टर वैतागल्या. "भाऊ, रोज कल, कल काय लिहिता? कालच्यासारखंच असलं तरी आजचं लिहा ना."

नेमकी तेव्हाच पोटात जोराची आली. मी टेबल धरून वाकलो. "सिस्टर, कल नाही हो. कळ. पोटात येते ती. ही."

हा शब्द त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. माझी कळ त्यांनी हिंदीतला कल धरली होती, म्हणजे कालच्यासारखंच. आणि पहिल्या दिवशीचं पोट शांत, म्हणून कागदावर माझं पोट पाच आठवडे शांत होतं. सिस्टर खुर्चीत बसल्या.

मला त्यांची कीव आली. मी म्हटलं, राहू दे, आजपासून हिंदीत लिहितो, मागचं कुणाला कळणार आहे? त्यांनी मान हलवली. प्रत्येक चुकीच्या नोंदीवर एक रेघ मारली, शेजारी खरी नोंद केली, सही केली, तारीख घातली. शेवटी कारणाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, की रुग्णाची भाषा मला पुरेशी येत नाही. ते वाक्य लिहिताना त्यांचा चेहरा मी पाहिला. तो अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

त्याच दिवशी मला चाचणीतून काढून दुसरं औषध सुरू झालं. आणखी थोडा उशीर झाला असता तर आतडं कापावं लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. सिस्टरांना चाचणीच्या कामावरून उचलून वॉर्डात धाडलं.

बरा झाल्यावर मी त्यांना शोधत वॉर्डात गेलो. मी तोंडाने खरं बोललो असतो तर तुमच्यावर ही वेळ आली नसती, असं मी म्हटलं. त्या सलाइनची बाटली टांगत होत्या. "पोस्टिंग गेली, चलो," त्या म्हणाल्या. "तुमचं आतडं राहिलं ना?"

मग हात पुसून त्यांनी मला तो शब्द म्हणायला लावला. मी म्हटलं, कळ. त्या म्हणाल्या, कल. जीभ मागे वळवून पाहिली, पुन्हा कल. तीनदा झालं. पलंगावरचा म्हातारा आमच्याकडे बघत राहिला.

"जाऊ दे, मला नाही येत," त्या हसून म्हणाल्या. "पण काय ते कळलं."

हा ळ अगदी स्वच्छ होता. त्यांच्या ते लक्षात आलं नाही. मी सांगणार, तोवर पलीकडून कुणीतरी सिस्टर म्हणून हाक मारली आणि त्या गेल्या.