दसऱ्याची चकाकी

दोन वर्षं धूळ खात पडलेली बाबांची काळी गाडी मी दसऱ्याच्या पूजेसाठी चकाकवायला घेतली. "दादा, तुझ्यासारखा हात कुणाचा नाही," धाकटा भाऊ म्हणाला आणि मी फुशारून तीन दिवस पॉलिश घासलं. बॉनेटमध्ये समोरच्या शेवग्यासकट आकाश उतरलं. काळा रंग काही लपवत नाही. मागे उभा राहून हसणारा भाऊही त्यात स्पष्ट दिसत होता. मला ते कौतुक वाटलं!

दसऱ्याला झेंडूचा हार घातला, तोच एक अनोळखी जोडपं पेढे घेऊन आलं. "मुहूर्तावर न्यायचं ठरलं होतं ना! काय जपलीय हो गाडी!"

"आमच्या दादानेच," भाऊ म्हणाला.

मी दरबारी थाटात वाकून त्यांना दार उघडून दिलं. बाबांची गाडी विकल्याचा पेढा माझ्याही हातावर पडला. तो चांगला होता, याचाच जास्त राग आला.