सेल्स ऑफिसातला कारखाना

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते, आणि ते खरं आहे. सुट्टी आली की मला घर खायला उठतं. गेल्या हिवाळ्यात बदलापूरच्या घरी बसून मी मोबाइलवर परदेशातल्या एका खोऱ्याचे व्हिडिओ बघत होते. नदीकाठचे जुने कारखाने, एकेकाचं म्युझियम केलेलं, आणि लोक तिकीट काढून बंद यंत्रं बघत फिरतायत. मी आईला दाखवलं. ती म्हणाली, "एवढ्यासाठी विमान कशाला? आपल्या उल्हास नदीकाठी कारखाने काय कमी आहेत? मला माझाच दाखव एकदा. बंद झाल्यापासून आत पाऊल टाकलेलं नाही मी."

मी घाईने विषय बदलला. त्याचं कारण सांगून टाकते. आई अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात कामगार होती, आणि लग्नाच्या वेळी मी सासरी सांगितलं होतं की ती तिथे ऑफिसात होती. मग शेजारीपाजारी, मैत्रिणी, मुलाची शाळा, सगळीकडे तेच चालू राहिलं. आईने ते कितीदा तरी ऐकलं. खोडून काढलं नाही आणि होकारही दिला नाही. असा विषय निघाला की ती उठून पाणी प्यायला जायची.

तरी एका रविवारी निघालो. म्हटलं, स्वस्तात मस्त सहल होईल, शेअर रिक्षा आणि घरचा डबा. आधी उल्हासनगर केलं, कारण अंबरनाथ जेवढं पुढे ढकलता येईल तेवढं मला हवंच होतं. तिथे धाग्याच्या एका कारखान्याच्या भिंतीकडेने अर्धा तास चाललो. मी मोबाइल वर केला तसा वॉचमन धावत आला. "मॅडम, फोटो अलाउड नहीं." आमच्या खोऱ्यातली म्युझियमं ही अशी, बाहेरून बघायची. पुढे एका सिंधी काकांच्या गाडीवर दालपकवान खाल्लं. त्यांना कळलं की आम्ही कारखाने बघायला निघालोय. "कारखाने? संडे को?" म्हणत ते एवढे हसले की त्यांनी वर आणखी एक पकवान दिलं. नाल्याच्या पुलावर आई थांबली. जीन्स रंगवायचे कारखाने होते तेव्हा इथलं पाणी त्याच रंगाचं असायचं, आता काळं आहे. ती ते निवांत बघत होती आणि मी दर दोन मिनिटांनी घड्याळ.

"एवढी घाई कसली गं तुला?"

"ऊन चढतंय आई, चल ना."

ऊन वगैरे काही नव्हतं, डिसेंबर होता. आता अंबरनाथ एकदाचं उरकावं आणि तिथे आईच्या ओळखीचं कुणी भेटू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

अंबरनाथला रिक्षातून उतरलो तर कारखान्याच्या जागी टॉवर उभे राहत होते. जुनं फाटक तेवढं रंग देऊन ठेवलेलं. मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. म्हटलं, संपलं, आता घरी जाऊ. पण आई सरळ वॉचमनकडे गेली. "जय भीम, दादा." तोही हसून जय भीम म्हणाला आणि "फ्लॅट बघायला का? या, या," करत त्याने फाटक उघडलं. मला मागोमाग जावंच लागलं.

सेल्स ऑफिसात गारेगार एसी, फुकट कॉफी. कोट घातलेल्या मुलीने विचारलं, "टू बीएचके की थ्री?" मी म्हटलं, "थ्री." खोटंच बोलायचं तर एक खोली जास्त. भिंतीशी एक कोपरा सजवलेला होता. काडेपेट्यांची जुनी लेबलं, फ्रेम केलेले फोटो, आणि एका टेबलावर काड्यांचा जुना लाकडी ट्रे, त्यात प्लॅस्टिकची फुलं. आईने फुलं काढून बाजूला ठेवली. ट्रेची पुढची बाजू भिंतीकडे होती, तो फिरवला आणि त्याच्या कडेवरून अंगठा नेला.

"आजी, प्लीज, हात नका लावू," मुलगी म्हणाली. मग थोडं मऊ होऊन, "तुम्ही इथे सर्व्हिसला होता का?"

आई माझ्याकडे बघायला लागली. रागाने नाही. उत्तर द्यायचं काम माझंच, अशा सवयीने. आणि पुढच्या क्षणी तिची नजर कोपऱ्यातल्या पाण्याच्या कूलरकडे गेली. तेव्हा मला स्वतःची भयंकर चीड आली.

"कामगार होती ती," मी म्हटलं. आवाज नको तेवढा मोठा निघाला, पलीकडच्या टेबलावरचं जोडपं वळून बघायला लागलं. "पॅकिंगला. बावीस वर्षं."

"पॅकिंगला नाही," आई म्हणाली. "पेट्या भरायला. आणि चोवीस."

मुलीला आता फ्लॅट विकायची आठवण राहिली नव्हती. ती एकेक विचारत गेली आणि आई सांगत गेली. चिमटीत आलेल्या काड्या न मोजता बरोबर कशा भरायच्या, गंधकाचा वास धुतला तरी साडीला कसा राहायचा. मी ऐकत होते. यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

"आणि मॅडम लहान असताना त्यांना कुणाकडे ठेवायचात?" मुलीने विचारलं. "माझी पण दोन वर्षांची आहे, म्हणून विचारते."

मधोमध टॉवरांचं मॉडेल मांडलेलं होतं. आई त्याच्याभोवती एक फेरी मारून आली, फाटक कुठे ते बघितलं, अंतराचा अंदाज घेतला आणि एका निळ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"स्विमिंग पूल, आजी."

"इथं पाळणाघर होतं, बायकांच्या पोरांसाठी. ही तीन वर्षांची होईपर्यंत इथंच वाढली. कामाच्या दर मधल्या सुट्टीत मी पदराला हात पुसत पळत यायचे हिला पाजायला."

मुलगी माझ्याकडे वळली. "मॅडम, तुम्हाला आठवतं का काही?"

"तिला कसं आठवेल?" आई म्हणाली. "मी कधी सांगितलंच नाही. तिला आवडलं नसतं."