ड्रिपच्या खोलीतला धवला

आमच्या आगरी लग्नात धवलारणीचा मान मोठा. हळदीपासून मांडव उतरेपर्यंत ती धवले गाते, कुळातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलावते, आणि तिचं गाणं झाल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. माझी आई धवलारीण. वही नाही, कागद नाही, सगळं डोक्यात. तिचा एकच नियम होता, मांडव नसेल तर धवला नाही. लहानपणी मी हट्ट केला की म्हणायची, "लगीन हाय का कुनाचं? मग गप झोप."

तीन वर्षांपूर्वी आई गायची थांबली. मग जेवण सुटलं, मग आंघोळ, मग बोलणं. जुईनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी चिडायचे. ऊठ की आता, काय कमी आहे आपल्याला, असं मी तिला म्हटलेलं आहे, आणि ते आठवलं की आजही मान खाली जाते. डॉक्टरांनी गोळ्या तीनदा बदलल्या. एक दिवस उशीचा अभ्रा धुवायला काढला तर त्यात त्याच गोळ्या निघाल्या, न घेतलेल्या, साठवून ठेवलेल्या. त्या दिवसापासून मला एकच हवं होतं, आई जगायला हवी.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी केटामाइनचं नाव काढलं. ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायचं औषध, तेच अगदी कमी मात्रेत, सलाईनसारखं थेंबथेंब द्यायचं. आठवड्यातून दोनदा, असं सहा वेळा. ज्यांना गोळ्या लागू पडत नाहीत अशा काही जणांना याने उतार पडतो, पण तो टिकेलच असं नाही, त्या पुन्हा खचायला लागल्या तर लगेच घेऊन या, असं त्यांनी दोनदा बजावलं. संमतीपत्रावर आईनं स्वतः सही केली.

नेरूळला पहिल्या मजल्यावर तो दवाखाना. सकाळी उपाशी जायचं. बोटाला नाडी मोजायचा चिमटा, दंडाला बीपीचा पट्टा, डोळ्यांवर काळी पट्टी, पडदे ओढलेले. सोबतीच्या माणसानं कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचं, बोलायचं नाही, मोबाईल बंद. पहिल्या तीन वेळा आई नुसती पडून होती. नंतर मळमळायचं, जिना उतरताना तोल जायचा, म्हणून माझा दंड घट्ट धरायची. इतकी वर्षं तिनं मला असं धरलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

चौथ्या वेळी ती गायली.

आधी ओठ हलले. मग घोगरा, जडावलेला आवाज आला, आणि ती तिच्या मेलेल्या आईला, आजीला, लहानपणी वारलेल्या भावाला हाका मारून लग्नाला बोलवायला लागली. रडू आवरेना. आणि रडता रडता मी मोबाईल चालू केला आणि अर्धं मिनिट रेकॉर्ड केलं. सिस्टरनं बघितलं, डोळे मोठे केले. मी मोबाईल पर्समध्ये टाकला. रिक्षात आईला विचारलं, काही आठवतं का? "कुठंतरी लांब गेलेले," एवढंच म्हणाली. दुपारी ती झोपल्यावर मी ते रेकॉर्डिंग घरच्यांच्या ग्रुपवर टाकलं. तिला न विचारता.

गावभर झालं. काकी बरी झाली, काकी गायली. सहावं सलाईन झालं त्याच आठवड्यात चुलतभाऊ नारळ-सुपारी घेऊन दारात, मुलीच्या हळदीला धवले गायचं आमंत्रण द्यायला. आई तेव्हा खरंच उठली होती. केस विंचरत होती, कोलंबी सोलत होती, मिठावरून मला बोलत होती. तिनं सुपारी हातात घेतली. माझा जीव भांड्यात पडला.

हळदीला चार दिवस होते तेव्हा ती पुन्हा भिंतीकडे वळली. मला दिसलं. डॉक्टरांना फोन लावायला हवा होता, पण सलाईनचा थकवा असेल, हळद तोंडावर, नंतर बघू, असं मी मनाशी ठरवलं. खरी गोष्ट अशी की मला तिला मांडवात गाताना बघायचं होतं. सगळ्यांना दाखवायचं होतं.

मांडवात ती पाटावर बसली. दोन ओळी गायली आणि स्वतःच्या सासऱ्यांच्या, म्हणजे नवरीच्या पणजोबांच्या नावापाशी थांबली. पुढचं नाव येईना. बायका वाट बघत होत्या, नवरी हळदीचे हात तसेच धरून बसलेली. कुणीतरी म्हणालं, अरे ते मोबाईलवरचं लावा की, काकीला आठवेल. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. डीजेवाल्यानं मोबाईल जोडला आणि दोन मोठ्या स्पीकरमधून आईचा तो जडावलेला आवाज बाहेर आला, मागे मशीनचं टीट-टीट चालू. मेलेल्या माणसांची नावं, तिच्या माहेरची, या लग्नाशी ज्यांचा काही संबंध नव्हता.

आईनं पूर्ण ऐकलं. मग माझ्याकडे वळून हळू विचारलं, "ही मी हाय?"

मी हो म्हणाले.

"मांडव कुठं होता तवा?"

तिनं पदर सावरला आणि उठून बाहेर गेली. हळद दुसऱ्या बाईनं पुरी केली.

दुसऱ्याच दिवशी मी तिला दवाखान्यात नेलं. वाटेत मी माफी मागितली. ती रिक्षातून बाहेर बघत राहिली. आत सिस्टर पट्टा बांधायला लागली तेव्हा आईनं तिला विचारलं, "सोबतीला पोटचीच पायजे का? शेजारीन आनली तर चालंल?"

"कुणीही चालतं, आजी. मोठं माणूस हवं फक्त."

"मग हिला भायेर बसव."

मी बाहेर बाकावर बसले. दार बंद होतं, आतलं काही ऐकू येत नव्हतं.

आता उतार टिकावा म्हणून दर तीन आठवड्यांनी तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण तिला घेऊन जाते. मी खिडकीतून बघते. रिक्षात चढताना आई तिचा दंड धरते. परत आल्या की मी शेजारणीला दारातच गाठून विचारते, कशी आहे. बरी आहे, ती सांगते, आज बरंच बोलली.