तू मधली जागा मोकळी सोडायचास

योगेश मेला, त्याला आज वर्ष झालं.

‘गेला’ म्हणायची पद्धत आहे, माहीत आहे मला. पण हा माणूस कधी कुठे जायचाच नाही. समोरच्याला यायला लावायचा.

टेबलावरही तेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही दोघं मिनिएचर वॉरगेम खेळायचो. बोटाच्या पेराएवढे सैनिक, स्वतः रंगवलेले. थर्माकोलचे डोंगर. टेपने मोजून फौज पुढे सरकवायची, फासे टाकायचे, शेवटी मधली टेकडी ज्याच्या ताब्यात तो जिंकला.
आमच्या बायका याला भातुकली म्हणायच्या. फार काही चुकत नव्हत्या.

तो धुळ्याचा, चष्म्याचं दुकान. मी जळगावचा, पाइपच्या कंपनीत डिझाइनला.
अख्ख्या खानदेशात हा खेळ खेळणारा मी एकटाच, असा माझा समज होता. त्याचाही तोच. एका ऑनलाइन ग्रुपवर ओळख झाली तेव्हा दोघांनाही जरा वाईटच वाटलं.

मग रविवारी मी बसने धुळ्याला. पिशवीत फौज आणि पाइपचे तुकडे. तुकड्यांचे आम्ही बुरूज करायचो.

पहिल्या दिवशी मी जय्यत तयारीने गेलो होतो. नेटवरच्या सगळ्या टॅक्टिक्स पाठ.
योगेशने फौज मांडली. दोन्ही टोकांना गर्दी आणि मध्ये कुणीच नाही. मला वाटलं, नवखा दिसतोय. मी सरळ मधून घुसलो.

तो खुर्चीत मागे रेलला.
“ये भो. बस. आते जेवन करीसनच जाय.”

आणि दोन्ही बाजू मिटल्या. माझा एकही सैनिक उरला नाही.

“हे कुठल्या साइटवर आहे?” मी विचारलं.
“साइट कसली? आईकडून शिकलो.”

मला ती थट्टा वाटली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, “ताट वाढेल शे रे.”
मी म्हणालो, माझं जेवण झालंय. कुणी ऐकलंच नाही. एका बाजूने आई शेवभाजी वाढतायत, दुसऱ्या बाजूने वहिनी पोळी. त्या घरात पाहुणा एकदा उंबरा ओलांडून आत आला की जेवल्याशिवाय त्याची सुटका नव्हती.
योगेशने तेच टेबलावर मांडलं होतं. त्या डावाचं नावही त्याने ‘पाहुणचार’ असंच ठेवलेलं.

पुढे कित्येक महिने मी त्या पाहुणचारात मार खाल्ला. कडेकडेने गेलो, हरलो. घोडदळ वाढवलं, तरी हरलो. परतीच्या बसमध्ये स्वतःला शिव्या घालायचो.

मग एका रविवारी वैतागून मी त्या मोकळ्या जागेच्या तोंडाशी जाऊन थांबलो.
आत गेलोच नाही. तोफा तिथेच लावल्या आणि त्याच्या डाव्या बाजूवर मारा सुरू केला.

योगेश चुळबुळायला लागला.
“ओटावर कसाले बसना? घरमा ये ना भो.”
“इथेच बरं आहे.”
“पानी तरी पी.”
“नको.”

शेवटी वैतागून तोच बाहेर आला, आणि हरला.
हरला आणि माझ्यापेक्षा जास्त खूश झाला. माझ्या पाठीत एक गुद्दा घातला.
“आता तुझा खेळ सुरू झाला. इतके दिवस नेटवाल्यांचा खेळत होतास.”

त्यानंतर तो मधली जागा अरुंद करून दार अर्धवट लोटून ठेवायला लागला. मी ओट्यावरून मागे अंगणात सरकलो. त्याने अंगणात दोनच बुजगावण्यासारखे सैनिक उभे केले. मी त्यांना हातही लावला नाही.
असं वर्षानुवर्षं चाललं. लोक विचारतात तुझी प्लेस्टाइल काय. माझी कसली आलीय? त्याच्या प्रत्येक ‘ये’ला मी दिलेलं ‘नको’, एवढीच.

गेल्या वर्षी योगेश दुकानात एका आजोबांना नवा चष्मा लावून बघत होता. नाकावर नीट बसवला, विचारलं, “दिसतंय का बाबा?”
आणि खाली कोसळला.
हार्ट अटॅक. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती.

आमच्याकडे कुणी वारलं की घरच्यांना भेटायला दारावर जातात. मीही गेलो. ओट्यावर सतरंजी टाकली होती, तिच्यावर बसलो.
दारावर आलेल्याला कुणी ‘ये’ म्हणत नाही. जेवणाचं विचारत नाही. निघताना आपणही ‘येतो’ म्हणायचं नसतं.

आई आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं. सवयीने तोंड उघडलं, आणि पटकन पदर लावला.
त्यांच्या तोंडून काय येणार होतं ते मला ठाऊक होतं. त्यांनी ते गिळलं, आणि मी त्यांच्याकडे बघूही शकलो नाही.

नंतर फौज डब्यातच पडून होती.

मागच्या महिन्यात ऑफिसातला आशिष मागे लागला, सर मला शिकवा. पोरगा हुशार आहे. रविवारी घरी आला, मी टेबल मांडलं.
त्याने फौज दोन टोकांना लावली आणि मध्ये जागा सोडली. मुद्दाम नाही, नवखा म्हणून.

मी नेहमीप्रमाणे तोंडाशी जाऊन थांबलो. त्या बाजूने कुणी काही बोलेना. मी थांबूनच राहिलो.
“सर, तुमची चाल आहे.”

मग मी आत गेलो. तोफा, घोडदळ, पायदळ, सगळं घेऊन. एकही माणूस मागे ठेवला नाही.
मला हरायचं होतं. दोन्ही बाजूंनी मिटून यावं, इतकंच पाहिजे होतं मला.

आशिष फासे हातात घेऊन नुसता बघत राहिला. टेकडीपर्यंत मला कुणी अडवलं नाही.
“जिंकलात सर.”
“हो,” म्हणालो, आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडलो.

योगेश, इतकी वर्षं नको नको म्हणत होतो ना. आलो होतो रे आत. बठ्ठी फौज घेऊन आलो होतो, एकही मागे न ठेवता.

‘भावपूर्ण’ लिहायला हात उचलत नाही. नुसती श्रद्धांजली घे, भो.