झाकण उघडण्याआधी

परवाच्या खंडेनवमीला आमच्या वीज केंद्रात यंत्रांची पूजा होती. त्या दिवशी घरच्या माणसांना आत यायला मिळतं. माझी बायको सुनंदा पहिल्यांदाच बॉयलर बघायला आली... आणि मी नेमका कंट्रोल रूममध्ये ड्युटीवर.

तिला वर न्यायचं काम बॉयलरवर काम करणाऱ्या आमच्या शिंदेंनी घेतलं. भट्टीला एक छोटी खिडकी असते. तिचं झाकण उघडून निळ्या काचेतून आतली ज्वाला बघतात.

माझं काम सांगायला सोपं आहे. एक पंखा भट्टीत हवा ढकलतो, दुसरा धूर ओढून घेतो. दोघांचा मेळ असा राखायचा, की आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी राहील... म्हणजे ज्वाला आतच राहते. दाब वर गेला, तर उघड्या खिडकीतून जाळ थेट बघणाऱ्याच्या तोंडावर.

वॉकीटॉकीवर शिंदे म्हणाले, "साहेब, वहिनींना ज्वाला दाखवतो. दाब धरा."

मी आकड्यावर नजर लावून बसलो. तळहात घामेजले होते. आत कुठेतरी राखेचा मोठा गठ्ठा कोसळला असावा... उण्यातला आकडा भरभर शून्याकडे निघाला.

"शिंदे, झाकण लावा. आधी झाकण लावा."

मी धूर ओढणारा पंखा वाढवला. ओठांवर देवाचं नाव कधी आलं, कळलं नाही.

"साहेब, उघडलंय कुठं? तुमचा 'हो' कुठं आला?"

खरंच की... डेस्कवरून 'हो' आल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, ही आमची रीत. सुनंदा तिथे उभी आहे या धास्तीत मी 'हो' द्यायलाच विसरलो होतो.

शिंदेंच्या मागून सुनंदाचा आवाज आला, "मघापासनं म्हणतेय उघडा, पण हे भाऊ लय हट्टी हायेत."

आकडा पुन्हा जागेवर आला, थोडा वेळ तिथेच राहिला. मग मी 'हो' म्हणालो.

खाली आल्यावर ती हळूच म्हणाली, "एवढ्या जाळापुढं ही माणसं रोज तोंड नेतात... तुमच्या एका शब्दावर?"

रोजच नेतात. शिंदेंचीही घरी कुणीतरी वाट बघत असतं... घाम मात्र मला परवा फुटला.

आता 'हो' म्हणण्याआधी मी देवाचं नाव घेतो. आधी आकडा नीट बघतो, मग नाव... देवालाही हाच क्रम पसंत असावा.